नकाशातली गाडीवाट

आक्का डांबरी रस्त्यानं क्वचितच चालायच्या. तासगावजवळच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. शाळा सुटली की त्या पिशवीतून सर्वेक्षणाचा जुना नकाशा काढायच्या आणि बांधाबांधानं निघायच्या. मी एकदा मोबाईलवरचा नकाशा पुढं केला, तर म्हणाल्या, "त्यो आज काय हाय ते दावतो. ह्यो आदी काय हुतं ते."

ओढ्यापलीकडच्या वस्तीहून गावात येणारी गाडीवाट त्या नकाशात लाल तुटक रेघेनं दाखवली होती. जमिनीवर मात्र तिथं द्राक्षबाग होती, आक्कांच्या धाकट्या भावाची, दत्ताची. वडिलांनी बांध सरकवला, दत्तानं तारेचं कुंपण घातलं. वस्ती लांबच्या वळशानं येऊ-जाऊ लागली.

एका पावसाळ्यात वस्तीवरच्या सुमनला कळा सुरू झाल्या. माणसांनी तिला बाजेवर घालून त्या वळशानं चिखलातून आणलं. सुमन वाचली, बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी आक्का मला घेऊनच बागेत शिरल्या.

"दत्ता, ह्या पट्ट्यातल्या वेली दरसाल खुरटत्यात. का रं? गाड्यांच्या चाकांनी भुई दगड झालीया. हितनं वाट हुती."

"आक्का, नकाशा लय जुना हाय."

"मग जमीन काय काल आलीया?"

दत्ता हलला नाही. आक्का नकाशा घेऊन तहसील कचेरीत गेल्या, तर साहेब म्हणाले, असला नकाशा हक्काचा पुरावा होत नाही. मला वाटलं, संपलं. आक्का तिथूनच दत्ताच्या दारात गेल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं, वडिलांच्या जमिनीतला वाटाही कधी मागितला नव्हता.

"आता मागते. बाकीचं तुला लखलाभ. मला त्यो पट्टाच दे."

"भावाच्या मुळावर उठलीस व्हय?"

"उठले. न्हाई दिलास तर कोर्टात सगळ्या बागेचा वाटा मागीन."

गावानं आक्कांना नावं ठेवली. भावकीनं लग्नकार्यात बोलवायचं सोडलं. आक्का हटल्या नाहीत. शेवटी दत्तानं सही केली, वेली निघाल्या, आणि वस्तीवर पहिल्यांदा रिक्षा गेली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी आक्कांबरोबर होते. दत्तानं दार उघडलं नाही. आक्कांनी ताटातलं निरांजन उंबऱ्यावर ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि बंद दाराला मोठ्यानं सांगितलं,

"दार तुझं हाय, ठेव बंद. वाट मातूर सगळ्यांची हाय!"