बापाच्या शिक्क्याचं कडं

मुशीतला रस पिवळट दिसला तेव्हाच चांदीकार पान ताइशुनला शंका आली. चांदीचा रस आरशासारखा असतो. हा गढूळ होता. ओतलेली कांडी निवली, त्याने पहिला घाव घातला आणि तिला उभी चीर गेली.

गावातल्या बाओनीच्या आजीचं गळ्यातलं कडं होतं ते. ते वितळवून बाओनीच्या लेकीसाठी शिंगांचा मुकुट घडवायचा होता. पोरी चांदी घालून नाचतात तो बहिणींच्या भाताचा सण नऊ दिवसांवर आलेला. मुकुटावरच्या ड्रॅगनचे तीन नमुने बाओनीने परत केले होते. "हा ड्रॅगन खालच्या गावचा, दादा. आमचा मान वळवून बघतो. आमच्या पोरीने काय दुसऱ्यांचा ड्रॅगन डोक्यावर घेऊन नाचायचं?" चरफडत ताइशुनने चौथा काढला. शहरात मशीनवर ठोकलेले मुकुट ढिगाने मिळतात, तिथे ड्रॅगनची मान कोण विचारतो? गावातल्या चांदीकारांच्या सोळा हातोड्यांपैकी आता त्याचा एकच उरला होता, तो उगाच नाही.

मालकिणीने भट्टीशी बसायचं, तिच्या डोळ्यांदेखतच तिची चांदी वितळवायची, हा इथला रिवाज. पण बाओनी डोंगरावर बटाटे लावायला गेलेली आणि ताइशुनला घाई. शिवाय कड्यावर ते घडवणाऱ्या त्याच्याच बापाचा शिक्का. त्याला कसोटी लावायची कुणाला सुचतं?

दुपारी बाओनी आली.

"हे काय?"

"तुझं कडं."

"माझ्या आजीने त्या कड्याने डुक्कर हाणलं होतं! ते मोडलं नाही, आणि हे मोडतं?"

"यात तांबं आहे, बाओनी. मुळातच आहे."

"अस्सं! माझ्या माघारी वितळवलंस आणि आता मेलेल्या बापावर ढकलतोस? थुंकतील लोक तुझ्यावर!"

गप्प बसावं तर तो चोर. खरं बोलावं तर बाप चोर. ताइशुन उठला. पेटीतून त्याने स्वतःच्या लेकीचं कडं काढलं. पोर दूर दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात राबत होती, आणि आजोबांनी घडवलेलं कडं तिच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं. त्याने त्यावर छिन्नी टेकवली.

"अरे, पोरीचं आहे ते! वेडा झालास का?"

घाव बसला. वरून पांढरं, आतून तांबूस.

नातीलाही, बाबा?

बाओनीने एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "वरून दिसत नाही ना?"

"उकळून घासलं की नाही दिसत."

"मग तसंच कर. शिक्का मार आणि माझ्या पोरीला सांगू नकोस."

"यावर शिक्का मी नाही मारणार."

"मग नऊ दिवसांत मी चांदी कुठून आणू? सांग ना, कुठून?"

असल्या धातूचा पातळ पत्रा निघत नाही, फाटतो. जाड ठेवावा तर दोन शिंगांना एक कडं पुरणार नव्हतं. ताइशुनने लेकीच्या कड्याचे तुकडे गोळा केले आणि तेही बाओनीच्या पोरीच्या मुकुटासाठी मुशीत टाकले.