गालावरची तीट

त्र्याहत्तर साली मी कुंभार पिंपळगावच्या शाळेत शिकवत होते. शाळेच्या वाटेवर, एका मजुराच्या कुडाच्या घरासमोर, एक बाळंतीण बाळ मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दारातून ओव्या-शेपांचा धूर यायचा आणि त्यात ती तळ्याच्या तळाशी बसल्यासारखी शांत दिसायची. बाळ रडलं, की ते दुसऱ्याच कुणाचं असावं तशी सावकाश खाली बघायची.

एका सकाळी मी टोपरं घेऊन गेले, बाळाला घातलं, त्याचे गाल कुरवाळले. मी निघताना तिची सासू काजळाची डबी घेऊन आली आणि बाळाला तीट लावू लागली. तेव्हा त्या बाळंतिणीनं हळूच स्वतःचा गाल पुढं केला.

"आत्याबाई, मलाबी लावा."

सासू हसली. "तुला गं कोनाची नजर लागती?"

"न्हाईच लागत. माझ्याकडं कोनी पाहतच न्हाई."

मी चपला काढून परत बसले. डबी मागून घेतली आणि तिच्या गालावर बोट टेकवलं. काजळ बसेना. रोज दोनदा त्या वाटेनं जायची मी, पण तो गाल ओला असतो हे बोट लावल्यावर कळलं.