बिब्बा उतला तेव्हा

“हिले देवी आल्या,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या मांडीवरचं तान्हं पोर उचलून त्यांनी थोरल्या जावेकडे दिलं. तिचंही लेकरू अंगावर पीत होतं. माझ्या आजाराचं पहिलं निदान असं ओसरीवरच झालं.

दोन्ही हातांवर पाण्याने भरलेले फोड होते. पापण्या इतक्या सुजल्या की डोळेच मिटले. दाराला कडुनिंब टांगला गेला. देवीला औषध करायचं नाही, अशी घरची रीत.

मिटल्या डोळ्यांआड दिवस कुठे संपतो ते कळेना. जग फक्त ऐकू यायचं: बैलांच्या घंटा, जात्याची घरघर, आणि लांब कुठेतरी माझं बाळ. ते रडलं की इकडे पदर ओला व्हायचा. कधी वाटायचं, ते कुशीतच आहे. हात लांब केला की गार भुई लागायची.

शेवटी यांनी आईचं न ऐकता छकडा जुंपला. वर्ध्याच्या इस्पितळापर्यंत मी तरंगतच गेले. सासूबाई कुरकुरत सोबत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी ताप आला होता का? नव्हता. दुखतं की खाजतं? जीव जाईल इतकं खाजत होतं.

“देवीत आधी ताप चढतो, मग फोड येतात. नागीण अंगाच्या एकाच बाजूला येते. हिचे फोड रेघेरेघेने आलेत, जिथे काही लागलं तिथेच. हा कॉन्टॅक्ट डर्मटायटिस.” म्हणजे काहीतरी लागून भडकलेलं कातडं. “बिब्बे फोडले होते का?”

फोडले होते. बाळंतिणीच्या लाडवांत मला बिब्ब्याच्या आतली गोडंबी भरपूर हवी होती, म्हणून हौसेने मीच बसले होते. त्याच हातांनी तोंड पुसलं असणार.

“आमच्या घरी बिब्बा कोनालेच उतत नाई,” सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

“कातडं तिनं माहेरून आणलंय, आजी.”

तुमच्यापैकी कोणाला असं झालं तर घाबरू नका, पण घरगुती लेपही लावू नका. मला पोटॅशियम परमँगनेटच्या, म्हणजे जांभळ्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. फोड सुकू लागल्यावर कॅलामाइन, गुलाबी गार औषध. अंगावरचं लुगडं साबणाने धुवायला लावलं. बिब्ब्याचं तेल कापडात राहतं. फोडांतल्या पाण्याने मात्र दुसऱ्याला काही होत नाही. बाळाला खुशाल पाजा, डॉक्टरीणबाई रोज सांगत.

सासूबाई ऐकत, पण बाळ आणू देत नसत. खाटेपासून लांब बसत. त्यांची एक मुलगी देवीतच गेली होती, हे मला तिथेच कळलं. मग मला त्यांचा राग धरवेना. पण दूध आटत चाललं होतं. आज आणतील, उद्या आणतील, या गुंगीत मी पडून राहायची.

एका सकाळी डोळे जरासे उघडले. समोर सासूबाई, मनगट पुढे करून उभ्या.

“पाह्य वो, तू झोपली होती तवा तुह्या फोडाचं पानी मी मनगटाले लावून घेतलं होतं, परवाच्या दिशी. मले काईच नाई झालं.”

“आणि झालं असतं तर?” मी विचारलं.

“मी म्हातारी. माहं काय?” त्या म्हणाल्या. “पोराले गाडीत घेऊन आला तुहा नवरा. भायेर उभा आहे. पदर सारखा कर.”