बाविसाव्या रांगेतल्या दोन जागा

डेल व्होसबर्गने बेथेल क्रीकच्या धान्यकोठारावर एकेचाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला. तेवढ्या वर्षांत त्याने कुणाच्या मक्याचं वजन मूठभरही इकडचं तिकडे केलं नाही, सख्ख्या मेव्हण्याचंसुद्धा. बोलायचा कमी, पण बोलला की बोलला. गावाला हे पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला. दुसरा कुणी असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं.

डेलचा जीव कॉलेजच्या फुटबॉलवर, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकी फुटबॉलवर. मैदानात अगदी मधल्या रेषेसमोर, बाविसाव्या रांगेत त्याच्या दोन जागा होत्या. आधी वडिलांच्या होत्या, मग त्याच्या झाल्या. आमच्याकडे अशा जागा मागून मिळत नाहीत. कुणी मेलं किंवा कुणी सोडल्या, तरच यादीतल्या पुढच्या माणसाचं नशीब उघडतं. एका जागेवर डेल बसायचा, दुसरीवर त्याची बायको लोर्ना. चाळीस वर्षांत दोघांनी घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. लोर्ना जिना चढताना मध्ये दोनदा थांबायची, खाली वळून बघायची आणि म्हणायची, "आज गर्दी बरी आहे हं." डेल तोवर वर पोचून हातावरचं घड्याळ बघत असायचा.

या सुखात एकच खडा होता, तो म्हणजे कोच हॅनिगन.

हॅनिगन माणूस वाईट नव्हता. रविवारी चर्चला यायचा, पोरांना नावानिशी ओळखायचा. पण खेळवायचा असा, की बघणाऱ्याचं रक्त आटावं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू आहे तिथेच समोरच्यांना, हा आपला साधा खेळ. तीन प्रयत्न झाले, एकच यार्ड उरलं, पोरं पेटलेली आहेत, अशा वेळी हा बाबा चेंडूला लाथ मारून तो लांब समोरच्यांकडे पाठवून द्यायचा. म्हणे जोखीम नको. अकरा वर्षं हेच. डेल घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचा, "एक यार्ड, लोर्ना. माझी आजी काठी टेकत गेली असती." लोर्ना म्हणायची, "तुझी आजी त्यांच्याकडून खेळत नाही. सूप गार होतंय."

दर गुरुवारी संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानातून कोचचा रेडिओवरचा कार्यक्रम व्हायचा. लोक फोन करायचे, कोच उत्तरं द्यायचा. डेलने अकरा वर्षांत एकदाही फोन केला नव्हता. पण त्या नोव्हेंबरात संघ लागोपाठ तिसरा सामना हरला, तिन्हीत ते एक यार्ड आडवं आलं, आणि डेलची सहनशक्ती संपली. त्याने स्वयंपाकघरातला फोन उचलला.

"मी डेल व्होसबर्ग बोलतोय," तो म्हणाला. "कोच, चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड असताना तुम्ही पुन्हा लाथ मारलीत, तर बाविसाव्या रांगेतल्या माझ्या दोन्ही जागा मी सोडतो. एवढंच सांगायचं होतं."

रेडिओवर हॅनिगन शांतपणे म्हणाला, "ऐकलं, मिस्टर व्होसबर्ग. शनिवारी या मात्र."

डेलने फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. लोर्ना भांडी पुसत होती. ती पुसलेलीच बशी पुन्हा पुसत राहिली.

शनिवारी मोसमातला घरचा शेवटचा सामना. सगळ्या गावाने रेडिओ ऐकलेला. जिन्यावर माणसं डेलला म्हणत होती, "काय डेल, आज निरोप घ्यायला आलास का?" शेजारच्या जागेवरचा एल्रॉय गेली तीस वर्षं त्याच्या कोपराला कोपर लावून बसलेला. तो म्हणाला, "अरे, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. कोण धरून बसतंय?"

"मी," डेल म्हणाला.

सामना मात्र चांगला रंगला. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आपण तीन गुणांनी पुढे, चेंडू आपल्याच पोरांकडे. पण आपल्याच गोलरेषेपासून जेमतेम वीस यार्डांवर. तीन प्रयत्न झाले आणि राहिलं किती, तर एक यार्ड.

सबंध बाविसावी रांग डेलकडे वळली. एकविसावी आणि तेविसावीही वळली. आणि मग रांगांतली माणसं ओरडायला लागली, "जा पुढे! जा पुढे!" त्यातली निम्मी खेळासाठी ओरडत होती, निम्मी डेलसाठी. त्याच्या जागा वाचाव्यात म्हणून सगळा भाग घसा फोडत होता.

डेल उभा राहिला. एकेचाळीस वर्षं काट्याकडे बघितलेला माणूस तो, समोर दिसतंय त्यापेक्षा वेगळं सांगणं त्याला जमत नसे. इथे एक यार्ड चुकलं तर चेंडू समोरच्यांना अगदी दारात मिळणार. वारा आपल्या पाठीशी, आपली बचावाची फळी दिवसभर भिंतीसारखी उभी. इथे लाथच मारायला हवी. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं ते उघड होतं. आणि लाथ मारली की जागा गेल्या.

"मार लाथ," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "अरे लाथ मार, हॅनिगन! लाथ मार!"

एल्रॉयने त्याची बाही ओढली. "डेल, वेड लागलं का तुला? जागा जातील."

"जाऊ देत. सामना तरी राहील."

हॅनिगनने लाथ मारायला लावली. चेंडू वाऱ्यावर बसून गेला तो थेट पलीकडच्या टोकाला. समोरच्यांना तिथून काही जमलं नाही. आपण जिंकलो. सगळे नाचत होते आणि डेल खाली बसून आपल्या जागेच्या फळीवर हात फिरवत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

सोमवारी त्याने तिकिटांच्या खिडकीवर जाऊन जागा सोडल्याच्या कागदावर सही केली. खिडकीतली बाई म्हणाली, "मिस्टर व्होसबर्ग, मी हा कागद पाहिलाच नाही असं समजू का?" तो म्हणाला, "पाहा की नीट." घरी आल्यावर म्हणाला, "अकरा वर्षं तो चुकत होता, मी तिथे बसलो होतो. एकदा बरोबर वागला आणि मी उठलो." त्या आठवड्यात तो फारसा जेवला नाही.

सप्टेंबर उजाडला. जागा नसलेले लोक गोलखांबांच्या मागच्या गवताच्या उतारावर बसतात. फाटकातून आत आलं की दहा पावलांवर. डेल दोन घडीच्या खुर्च्या घेऊन तिथे गेला, मान खाली घालून. लोर्नाने गुडघ्यांवर घोंगडी पसरली, थर्मासमधली कॉफी ओतली आणि पाय लांब केले. इतके लांब, की डेल बघतच राहिला.

"गुडघे दुखतात का गं तुझे?"

"सहा वर्षं झाली."

"सहा? मग जिन्यावर थांबून तू ती गर्दी..."

"गर्दी कसली बघणार, श्वास घेत होते."

डेलच्या हातातली कॉफी तशीच राहिली. "मला सांगायचं नाही का?"

"तुझ्या वडिलांच्या जागा त्या. तुला सोड म्हणायला जीभ रेटेना." लोर्नाने त्याच्याकडे न बघता कॉफीचा घोट घेतला. "त्या शनिवारी तुम्ही सगळे ओरडत होतात ना, तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. देवाला म्हटलं, एवढी एक लाथ मारू दे."

खाली पहिला सामना सुरू झाला होता. डेलने आपल्या खुर्चीवरची उशी काढली आणि लोर्नाच्या गुडघ्यांखाली नीट सरकवली. तेवढ्यात चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड आलं. हॅनिगनने लाथ मारायला लावली.

डेलने थर्मास उचलून लोर्नाच्या कपात आणखी कॉफी ओतली.