उशाचा भरलेला तांब्या

मे महिना लागला की पालम तालुक्यातलं ते प्रकरण मला हमखास आठवतं. सकाळी ठाण्यात फोन आला. सोनपेठला दिलेली एक लेक बोलत होती. "माझ्या मायीला भावजयीनं पाण्याविना मारलं, साहेब. आता घाईनं मातीबी उरकायलेत."

आम्ही जाऊन अंत्यविधी थांबवला, पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. मुलगा कळप घेऊन लांब चराईला गेलेला, सून भुईमूग काढायच्या मजुरीला, आणि सत्तरी ओलांडलेली म्हातारी दिवसभर पत्र्याच्या खोलीत एकटी. अंगावर माराची खूण नव्हती. उशाला तांब्या होता, काठोकाठ भरलेला.

तो तांब्या मला खटकला. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याखाली पडलेलं माणूस पाणी पिणार नाही, हे कुणी सांगावं आणि मी ऐकावं? मागाहून कुणीतरी भरून ठेवला, असंच मी धरून चाललो. सुनेला चौकशीला बोलावलं. किती फिरवून विचारलं तरी तिचं एकच, "मी पाणी ठिवलं व्हतं. आत्याबाई तहानच न्हाई म्हणायच्या." गुन्हा दाखल झाला असता तर बाई आत गेली असती आणि तिची दोन लेकरं उघड्यावर पडली असती.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र मला समोर बसवून घेतलं. विषाची लक्षणं नाहीत, हा उष्माघात आहे, म्हणाले. वय झालं की तहान लागल्याचं वेळेवर कळत नाही. घाम कमी येतो, म्हणून अंग निवत नाही. मूत्रपिंडही पाणी पहिल्यासारखं धरून ठेवत नाही. त्यात शरीर आधीच कोरडं असेल तर ताप चढतो, माणूस बरळायला लागतं आणि हातचं जातं. म्हातारी दुपारी भलतंसलतं बोलायली व्हती, हे पंचनाम्याच्या वेळी एका शेजारणीनं सांगितलंच होतं. ऐकणाऱ्यांनी ते वयावर ढकललं होतं.

तरी माझं समाधान होईना. तहान नसली तरी सवयीनं माणूस घोटभर पितंच की! आमच्या महिला हवालदारांनी शेजारणीला पुरुषांपासून बाजूला नेलं, तेव्हा उलगडा झाला. त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दिवसा पाणी टाळायच्या. जन्मभर अंधारातच बाहेर जायची सवय. आता दारात संडास होता, पण पुरुषांच्या देखत भरदिवसा तिकडं जायची लाज सुटली नव्हती. सून मजुरीवरून मधेच येऊन तांब्या सासूच्या तोंडाला लावत होती, हे शेजारणीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारीनं उलट तिलाच शिव्या घातल्या.

पुढे उन्हाळ्यातल्या मृत्यूत पाणी जवळ होतं का, एवढ्यावर मी कधी थांबलो नाही. प्यायलं होतं का, नसेल तर का, हे घरातल्या बायकांना वेगळं विचारायला लावायचो. आणि म्हाताऱ्या माणसाला पाणी हवं का, असं विचारत बसू नये. हातात देऊन प्यायला लावावं.

तो तपास संपल्यावर लेक आणि सून दोघींना ठाण्यात बोलावून हे सगळं सांगितलं. लेक आधी भांडली, मग ऐकू लागली. तिचे ओठ सुकले होते, म्हणून मी पाणी मागवलं. तिनं ग्लास बाजूला सारला.

"नगं साहेब. सकाळधरनं प्याले न्हाई. यष्टीत बसल्यावर बाईमाणसानं जावं कुठं?"

बोलली आणि तिथंच थांबली. मग महिला हवालदार म्हणाल्या, माझ्या क्वार्टरवर चला, मग पाणी प्या. ती उठली. दारापर्यंत गेली आणि मागं वळून बाकावर बसलेल्या भावजयीकडं पाहिलं.

"हिलाबी संगं घ्या, बाई," ती म्हणाली. "हीबी प्याली नसंल."