पालथ्या बादलीवरची बाई

गोदीत त्याला सगळे ठोकेकाका म्हणत. खरं नाव घराच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण येता-जाता डांबराचा हात लागून ती पाटी इतकी काळी झाली होती की पोस्टमनसुद्धा अंदाजानेच पत्र टाकायचा.

काम एकच. लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या. डांबरात भिजवलेल्या काथ्याची वात वळायची, फटीवर धरायची, बोथट छिन्नी टेकवायची आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत आत दामटायची. वरून गरम डांबर ओतलं की झालं. ऐकायला सोपं. पण फट तळापर्यंत भरली का, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कानाला कळतं. गच्च भरलेल्या फटीवर मोगरी बसली की टण्ण वाजतं. आत पोकळी राहिली असेल तर भद्द. सगळी विद्या त्या टण्ण आणि भद्दच्या मध्ये.

आणि ठोकेकाकाला गेली पंधरा वर्षं ना टण्ण ऐकू येत होतं ना भद्द.

चाळीस वर्षं जहाजाच्या पोटाशी कान लावून ठोकणाऱ्याचे कान जाणारच. "जन्मभर फटीत बोळे कोंबलेत, शेवटचा स्वतःच्या कानात कोंबलात," असं बायको म्हणायची. काकाला जरा मोठ्यानं बोलावं लागतं एवढं गोदीला माहीत होतं. ठार बहिरा झालाय आणि समोरच्याचे ओठ वाचून निभावतो, हे फक्त बायकोला. मुलीने एकदा कानात घालायचं मशीन आणून दिलं. ते घालून त्याने चार ठोके मारले, तर चारही ठोके पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखे एकसारखे. मशीन कपाटात गेलं आणि बायको गोदीत आली.

ती रोज त्याच्याबरोबर यायची. जहाजापासून दहा पावलांवर बादली पालथी घालून बसायची आणि मांडीवर जुने दोर घेऊन त्यांचा काथ्या पिंजायची. बोटं सारखी चालू. ठोका टण्ण बसला की बोटं चालत राहायची. भद्द वाजलं की थांबायची. बस्स, एवढंच. काका मोगरी मारायचा, घाम पुसायच्या निमित्ताने मागे बघायचा. हात थांबलेले दिसले की वात उपसून पुन्हा ठोकायचा. पंधरा वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

गोदीवाले चेष्टा करायचे. मुकादम तर हटकून. "काय काकू, राखणीला बसता का? काका पळून जातील म्हणून, की जहाज?"

"जहाजाचा भरवसा आहे मला," ती मान वर न करता म्हणायची.

दरवर्षी उन्हाळ्यात बंदरात जुनी शिडाची जहाजं जमायची. काही खरोखरची, शंभर-सव्वाशे वर्षांची. काही त्यांच्यासारखी नव्यानं बांधलेली. उंचच उंच डोलकाठ्या, दोरखंडांची जाळी, पुढच्या टोकाला कोरलेल्या लाकडी बाया. सारं गाव धक्क्यावर लोटायचं, लोक फोटो काढायचे. काका-काकू वर बघायचेच नाहीत. ते पाण्याच्या रेषेकडे बघायचे. "लोक नवरी बघतात, आपण टाचा बघतो," ती म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली होती. जहाजं आली तसा मुकादम घरी आला. तीन डोलकाठ्यांच्या म्हाताऱ्या जहाजाची एक फट, चार हात लांब. "दोन तासांचं काम. परवा निघायचंय त्यांना. दुसरा आहे कोण तुमच्याशिवाय?"

काका बायकोदेखत म्हणाला, "नाही जमायचं. हिला सोडून कसा येऊ?"

मुकादम उठला, दारात चप्पल घालता घालता हसला. त्याच्या मिशा इतक्या दाट की ओठ जेमतेम दिसायचे, पण तेवढं वाक्य काकाला नेमकं वाचता आलं. "काकूंशिवाय मोगरी उचलत नाही वाटतं!"

ते वाक्य त्याला कुसळासारखं टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी औषध आणतो म्हणून निघाला, तो थेट गोदीत गेला. बादली नेली नाही. सवयीने एक-दोनदा मागे पाहिलं. नुसती फरशी. पण ठोका हाताला चांगला घट्ट लागत होता, चाळीस वर्षांचा हात होता. कारागीर कोण, आपण की बादलीवरची बाई, हे एकदा तरी बघायचंच होतं त्याला. शेवटचा ठोका मारून मुकादमाला म्हणाला, "पक्की."

घरी येऊन डांबर जायला रॉकेलने हात धुतले, साबणाने धुतले, मग औषधाची बाटली घेऊन तिच्या उशाशी बसला. तिने नाक जरासं आक्रसलं. त्याच्याकडे बघत, ओठ नीट हलवत, त्याच्याशी पंधरा वर्षं बोलायची तशी बोलली. "बादली तरी नेली होतीत?"

त्याने कानामागे हात धरला. "काय?"

तिने पुन्हा विचारलं नाही. आठव्या दिवशी ती गेली. मुलगी पायाशी बसून काहीतरी बोलत होती, काका हात बघत होता. चादरीची किनार पिंजत असल्यासारखी बोटं चालली होती. ती थांबली. मुलीच्या आधी त्याला कळलं.

यंदा जहाजं आली तेव्हा तो धक्क्यावर फिरकला नाही. मुलगी चार दिवसांसाठी माहेरी आली होती. तिने दोनदा विचारलं, "बाबा, जहाजं बघायला जाऊ या?" त्याने दोन्ही वेळा ऐकू न आल्याचं दाखवलं. आता त्यात तो तरबेज झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात. तेच म्हातारं जहाज, पाणी घेतंय. सुक्या गोदीत ओढून ठेवलंय.

मुलगी सोबत आली. पाणी उपसलेल्या गोदीच्या तळाशी ते जहाज टेकूंवर उभं होतं, आजारी माणसाला उशा लावून बसवावं तसं. जहाजावरची सुतारीण खालीच थांबली होती. तिशीची असेल. डोळे लाल, हाताला फोड. ती समोर येऊन, ओठ स्पष्ट हलवत बोलली. "काका, तीन दिवस आळीपाळीने पंप मारलाय आम्ही. वादळात कुणाला डुलकीही घेता आली नाही. स्वयंपाकी पंपाशीच कोसळला. आता बरा आहे. फट ही बघा."

त्याला बघायची गरज नव्हती. डावी बाजू, खालून तिसरी. चार हात लांब.

"लाकूड आकसलं असेल," मुकादम ओरडला. "म्हातारं जहाज ते! काकांचं काम आजवर कधी गळलेलं नाही."

सुतारीण मान डोलावत होती. मुलगी बापाकडे कौतुकाने बघत होती. त्याने पुन्हा वात ठोकायची, घरी जायचं, आणि त्याने आणि बायकोने मिळून कमावलेलं नाव जसंच्या तसं राहणार. नाव तिचंही होतं. ते बुडवायचा त्याला काय अधिकार?

त्याने छिन्नी टेकवली. मोगरी मारली. घाम नसतानाही कपाळ पुसलं आणि मागे वळून पाहिलं.

दहा पावलांवर कुणी नव्हतं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोलतो की!" मुकादम आणखी ओरडला.

"तसं नाही. ठोका ऐकू येत नाही. पंधरा वर्षं झाली. ही बसायची ना बादलीवर, ती ऐकायची. तिचे हात थांबले की मी पुन्हा ठोकायचो. ही फट मी मागच्या वर्षी एकट्याने भरली. ही आकसलेली नाही. मी पोकळ ठेवलीय."

मुकादमाचा चेहरा आधी हसरा, मग लाल झाला. त्याने मिशा वर सारल्या, एकेक शब्द दिसावा म्हणून. "चाळीस जहाजं सोडली मी समुद्रात! तुमच्या एका 'पक्की'वर!"

"तिच्या 'पक्की'वर सोडलीत," काका म्हणाला. "माझ्या एकट्याच्या शब्दावर एवढं एकच."

मुकादम काहीतरी बोलत वर निघून गेला. पाठ फिरल्यावर काय बोलला ते काकाला कळायचं कारण नव्हतं. मुलीला कळलं. तिने मान खाली घातली.

सुतारीण फटीपाशी वाकली. मग तिने आकडा घालून जुनी वात उपसली. वरचा दोन बोटांचा थर तेवढा घट्ट. त्याखाली काहीच नाही. तिने ती वात त्याच्या हातात ठेवली. रागावली नाही, समजूतही घातली नाही. "मोगरी द्या," एवढंच म्हणाली.

त्याने दिली. छिन्न्याही दिल्या, कमरेचा पट्टाच सोडून दिला. मग कोपऱ्यातली बादली आणून दहा पावलांवर पालथी घातली, बसला आणि जुना दोर पिंजायला घेतला. ती ठोकत होती. मध्येच एकदा तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. नीट बसतेय का, असं विचारल्यासारखं. त्याने हात चालू ठेवले. मग लक्षात आलं, तसा घाईघाईने मान हलवून म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. तुमचं तुम्ही ऐका."

घरी जाताना मुलीने विचारलं, "आईला माहीत होतं? तुम्ही एकटे गेलात ते?"

तिचे ओठ त्याला स्वच्छ वाचता आले. हात कानामागे जायला निघाला होता. त्याने तो खाली घेतला.

"हो. विचारलं होतं तिने. मी उत्तर दिलं नाही."

रविवारी जहाजं निघाली. मुलीने ओढून नेलं म्हणून तो धक्क्यावर गेला. एकेक शीड उलगडत होतं, लोक हात हलवत होते, तोंडं उघडी, आवाज नाही. म्हातारं जहाज सगळ्यांत शेवटी होतं. तो पाण्याच्या रेषेकडे बघत होता. शेजारी बसलेली मुलगी ओढणीच्या टोकाचे दोरे उगाच सोडवत होती, आईसारखीच, डोळे भलतीकडे ठेवून.

अचानक तिचे हात थांबले.

तो ताडकन उठला. कमरेला हात गेला, तिथे पट्टा नव्हता. डावी बाजू, खालून तिसरी... जहाज तर सरळ चाललं होतं.

"बाबा, काय झालं? बसा ना," मुलगी त्याचा हात धरून म्हणाली. "भोंगा वाजला फक्त. निघाले ते."

तो बसला. थोड्या वेळाने मुलीने पुन्हा दोरे सोडवायला घेतले. जहाज दिसेनासं होईपर्यंत तो तिच्या हातांकडे बघत राहिला.