मागे वळून बघायचं नाही

मेहक शिकलगारला नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले, पण नोकरी कसली ते कुणाला नीट कळलं नाही. बिहेविअर टेक्निशियन. शेजारच्या झुंबरबाईंनी तिला अगत्यानं घरात बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "आता आमचा फ्रीज तेवढा बघ बाई, खालनं पाणी गळतंय." टेक्निशियन म्हटलं की हातात पान्हा आलाच, ही आपल्याकडची समजूत. मेहकच्या हातात पान्हा नव्हता. एक पॅड, एक बॉलपेन आणि गळ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच, एवढीच तिची हत्यारं.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर ते केंद्र आहे. बोलू न शकणारी, स्वतःच्या हाताला चावणारी, भिंतीवर डोकं आपटणारी मुलं तिथं येतात. मूल असं का वागतं हे ठरवायचं काम क्रांती मॅडमचं, त्या मानसशास्त्र शिकलेल्या. त्यांना ठरवण्यासाठी जो पुरावा लागतो तो गोळा करायचं काम मेहकचं. कोपऱ्यात बसायचं आणि लिहायचं. कागदावर तीन रकाने: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. पोरगं चिडलं असं लिहायचं नाही. दात खाल्ले, वही फेकली, असं लिहायचं. "दिसलं तेवढं लिही," मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाटलं ते घरी ठेवून ये."

हे काम तिला जन्मजात यायचं. वडील अमीन शिलाई मशिनं दुरुस्त करत, घरात दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ, आणि ही पोरगी कोपऱ्यात बसून सगळ्यांवर डोळा ठेवून. कोण काय बोललं, कुणी कुणाकडं बघितलं, सगळं पाठ. आई हुसेनबी वैतागायची, "या पोरीच्या डोळ्यातनं मुंगीपण सुटत नाही." पुढं बी.ए. झालं, सहा महिन्यांचा कोर्स झाला, आणि ज्या खोडीवरून लहानपणी बोलणी खाल्ली तीच खोड पोटापाण्याला लागली. तीन वर्षांत केंद्रात तिच्याइतका स्वच्छ कागद दुसऱ्या कुणाचा नव्हता. मॅडम नव्या मुलींना तिचे कागद दाखवायच्या. मेहकला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

कोडोलीची अनुजा तिच्याकडं आली ती दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर. वय अकरा. बोलत नव्हती, ओरडायची. असं ओरडायची की चार घरं पलीकडची माणसं बाहेर यायची, आणि ओरडता ओरडता स्वतःच्या मनगटाला चावायची. मनगटावर जुन्या-नव्या जखमांची रांगच होती. घरी बाप विजयसिंह, तो वारणानगरला कारखान्यात शिफ्टला जायचा. आई संयोगिता, दोन म्हशी आणि वीस गुंठे बघायची. आजी धोंडुबाई, गुडघ्यांनी अधू. मुलगी घरी कशी वागते ते घरीच बघायला हवं म्हणून मेहक दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारची एस.टी. धरून कोडोलीला जाऊ लागली.

धोंडुबाई सोप्यात बसूनच हाक मारायची, "अगं पावणी आलीया, च्या ठेव." सोपा सारवल्यासारखा स्वच्छ असायचा. अनुजाची वेणी घातलेली, तेल चोपडलेलं, धुतलेला फ्रॉक. मेहक तिच्याशेजारी बसून ठोकळे लावायची, पाण्याच्या बादलीत वाट्या बुडवायची. अनुजाला पाणी आवडायचं. वाटी बुडताना बुडबुडे आले की ती नाकातनं हसायची. तास-दीड तास कसलाही त्रास नाही. आणि मेहकनं पॅड पिशवीत घालून चेन ओढली, की सुरू. ओढणीचं टोक मुठीत, आणि ती किंकाळी. मग मनगट दातांत.

मेहक माणूस होती, ती परत बसायची. बसली की अनुजा गप्प. पुन्हा उठली की पुन्हा तेच. पाच आठवड्यांत दहा भेटी झाल्या, आणि दहाही वेळा कागदावर तेच उतरलं. आधी: मी निघायला उठले. केलं: किंचाळली, चावली. नंतर: मी परत बसले, ती थांबली.

याशिवाय आणखी एक गोष्ट मेहकला दिसली होती. चौथ्या भेटीला पाण्यात खेळताना अनुजाचा फ्रॉक वर गेला, तेव्हा उजव्या घोट्याभोवती काळपट पट्टा दिसला. "आजी, हा वळ कशाचा ओ?" तिनं विचारलं.

"पैंजणाचा की," धोंडुबाई म्हणाली. "रुतत हुतं, काढून ठेवलं."

पैंजण दोन पायांत घालतात. डावा घोटा कोरा होता. ज्या डोळ्यांतून मुंगी सुटत नव्हती, त्या डोळ्यांना हे दिसलं होतं. पण पायाचा वळ म्हणजे काही मुलीनं केलेली कृती नव्हे, तो कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि म्हातारीवर संशय घ्यायचा तर तो झाला 'वाटलं' मधला. मेहकनं तो घरी ठेवला.

क्रांती मॅडमनी दहा कागद समोर मांडले आणि एका नजरेत निकाल दिला. लक्ष वेधून घेण्यासाठी. बाई उठली की ओरडायचं, ओरडलं की बाई बसते. सरळ हिशेब. उपायही ठरलेलाच: जाताना ओरडली तर बसायचं नाही, बोलायचं नाही, मागे वळून बघायचंसुद्धा नाही. घरच्यांनीही तसंच करायचं. हे मेहकनं संयोगिताला आणि धोंडुबाईला समोर बसवून, तीन-तीनदा सांगून शिकवलं.

संयोगिता बराच वेळ पदराचं टोक चुरगळत बसली होती. मग म्हणाली, "आजिबात बघायचं न्हाय?"

"आजिबात नाही, वहिनी. आपण वळलो की तिला वाटतं ओरडून काम होतं."

"तुमी शिकलेली माणसं," संयोगिता म्हणाली. "तुमाला कळतंय."

पहिले दोन आठवडे मेहकला जड गेले. पाठीमागं किंकाळी, आणि हिनं अंगणातनं सरळ चालत रस्ता गाठायचा. एस.टी.त बसल्यावरही तिच्या कानात ते ओरडणं घुमत राहायचं. एकदा तर तिनं खिडकीला डोकं टेकून रडून घेतलं. पण तिसऱ्या आठवड्यात ओरडणं निम्म्यावर आलं. पाचव्यात एखादा हुंदका. आठव्या आठवड्यात काहीच नाही. मनगटावरच्या जखमा सुकल्या. मॅडमनी काढलेला आलेख उतारावरून सायकल सोडावी तसा खाली आला होता. तो त्यांनी पालकांच्या मेळाव्यात पडद्यावर दाखवला, मेहकला उभं केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहकनं त्या दिवशी अम्मीला फोन करून सांगितलं. कधी नव्हे ते अब्बाही फोनवर येऊन शाब्बास म्हणाले.

काम संपवण्याआधी एक शेवटची नोंद करायची असते. निघाल्याचं दाखवायचं, पण जायचं नाही. दारात उभं राहून पाच मिनिटं बघायचं, मूल खरंच शांत राहतं का. इतके दिवस मागे वळून बघायचं नव्हतं. आता पहिल्यांदाच बघायचं होतं.

मेहकनं चेन ओढली, उठली, उंबरा ओलांडला आणि वळली. स्टॉपवॉच सुरू केलं.

अनुजानं हातातली वाटी खाली ठेवली. ओले हात फ्रॉकला पुसले. मग कुणी न सांगता उठली, सोप्यातल्या मधल्या खांबापाशी गेली, खांबाला पाठ लावून बसली आणि उजवा पाय पुढं केला. फ्रॉक घोट्यावरनं जरा बाजूला सारला, आणि वाट बघत राहिली.

"ऊठ गं, ऊठ! बया..." धोंडुबाई बसल्या जागेवरून ओरडली. पण तिला उठता येईना, आणि अनुजा उठेना. आतून संयोगिता आली. तिच्या हातात जुन्या सुती लुगड्याचा लांब पट्टा होता, सवयीनं घेऊन आलेली. दारात मेहकला बघून ती तिथंच थांबली.

स्टॉपवॉच चालूच होतं.

"बांधता तिला?" मेहकनं विचारलं.

"बांधतो की," संयोगिता म्हणाली. आवाज चढला होता. "काय करू? वैरणीला जायचं, धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं. आत्तींच्या गुडघ्यांत जीव न्हाय. जरा नजर चुकली की ही रस्त्यावर, आन् रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर. मागल्या साली दोन तास उसात हुडकली हिला. पोरीची जात हाय बाई, आता मोठी व्हईल. सोडून जाऊ? दाव्यानं कातडं सोलतंय म्हणून लुगडं फाडलं मी."

"मला सांगायचं तरी, वहिनी."

"पावण्याला सांगत्यात व्हय असलं? तुमी यायच्या आधी तिला सोडायची, न्हाऊ घालायची, सोपा पुसून घ्यायचा. पोरगी खांबाला दिसली तर काय म्हणला असता?"

यात चूक कुणाची काढायची? आपल्याकडं पाहुणा यायचा म्हटलं की आधी घर झाकतात. फाटकी गादी आत, दारुडा भाऊ माळ्यावर, आणि मग पोहे. या घरानंही तेच केलं होतं. मेहक मात्र झाकलेलं घर बघून कागद भरत होती, आणि वर म्हणत होती की दिसतं तेवढंच लिहिते.

"म्हणजे मी उठले की ती ओरडायची ते..."

"आता बांधणार, हे कळायचं तिला." संयोगिताचा चढलेला आवाज आता बसला. "आमाला काय म्हाईत न्हवतं व्हय? आईला कळत न्हाय? रोज बांधताना मी रडत हुतो. पर तुमी म्हणला, बघू नगा. मग न्हाय बघितलं. पट्टा बांधायचा आन् तोंड फिरवून जायचं. तुमी म्हणला तसंच केलं की सगळं."

मेहकला तिथं उभं राहवेना. तिनं स्टॉपवॉच बंद केलं आणि अंगणातनं सरळ चालत रस्ता गाठला.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं, पैंजणाचा वळसुद्धा. मॅडमनी ते दहा कागद काढून पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "नोंदी बरोबर होत्या. अर्थ मी चुकीचा लावला." हे त्यांचं मोठेपण. पण मेहकला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. त्या मुलीजवळ सांगायला एकच गोष्ट होती आणि ती एकाच पद्धतीनं सांगता येत होती. ती तिनं दहा वेळा गळा फाडून सांगितली, आणि मेहकनं आठ आठवडे खपून तिला गप्प बसायला शिकवलं. नंतर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम स्वतः कोडोलीला गेल्या. कुणावर ओरडल्या नाहीत. विजयसिंहाशी बोलल्या, आणि त्यानं आठ दिवसांत अंगणाला छातीएवढ्या उंचीचं जाळीचं फाटक बसवलं, बाहेरून कडी. इतकी साधी गोष्ट होती ती. कुणी विचारलं नाही म्हणून कुणी केली नव्हती. संयोगितानं लुगड्याचा पट्टा मेहकदेखत चुलीत घातला. मेहकला वाटलं, चला, निदान इथून पुढं तरी बरं होईल.

पंधरा दिवसांनी संयोगिताचा फोन आला.

"बाई, एक इचारायचं हुतं. आता बांधत न्हाय तिला, आईची आन. पर मी वैरणीला निघालो की ती आपली जाती, खांबापाशी बसती, पाय पुढं करती. बसू दे म्हटलं. तर उठतच न्हाय! धारा झाल्या, डेअरीला जाऊन आलो, जेवाय हाक मारली, तरी बसल्याली. फ्रॉकातच मुतली. आता बांधलंच न्हाय तर सोडायचं कसं?"

"मग?"

"मग बसलो खाली, आन् गाठ सोडल्यागत केलं. तवा उठली. रोज असंच करू व्हय? तुमचं पुस्तक काय म्हंतंय?"

शुक्रवारी मेहक कोडोलीला गेली. ओरड बघू, ओढणी धर, असं मनात म्हणत ती चारदा उठली आणि चारदा परत बसली. अनुजानं तिच्याकडं बघितलंही नाही. पाचव्यांदा मेहक उठली तेव्हा ती मुकाट्यानं खांबाकडं गेली, बसली, पाय पुढं केला.

मेहकनं पॅड बाजूला ठेवलं. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथं काहीच नव्हतं तिथं, दोन्ही हातांनी गाठ सोडल्यासारखं केलं. अनुजा हलली नाही. मेहकनं पुन्हा केलं. तरी नाही.

मग अनुजानं तिची बोटं धरली, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवली. गाठ तिथं असायची.